विचारा इझेलला

दरवर्षी ऑक्टोबरात न्यू बेथसैदा चर्चचा मेळाव्याचा रविवार जवळ आला की इझेल मॅब्रीचं पोट बिघडायचं. त्याची बायको व्हर्निस म्हणायची, "तुझं पोट कॅलेंडर बघतं की काय रे? बरोबर याच आठवड्यात कसं दुखतं?" इझेल आल्याचं पाणी प्यायचा, करडा सूट अंगावर चढवायचा आणि बायकोच्या मागोमाग मुकाट गाडीत जाऊन बसायचा.

मेळाव्याला सगळं डेट्रॉइट लोटायचं. म्हणजे आमच्या पूर्वेकडच्या काळ्या माणसांच्या वस्तीतलं, बाकीच्या डेट्रॉइटशी आम्हाला काय करायचंय? जे शिकागोला गेले, जे अटलांटाला गेले, तेही त्या दिवशी परत यायचे, आपापल्या जुन्या बाकाकडे जायचे आणि तिथं कुणी नवीन माणूस बसलेला दिसला की घसा खाकरत उभे राहायचे. गाणी व्हायची, प्रवचन व्हायचं, मग साक्ष देण्याची वेळ यायची. प्रभूनं ज्याच्यावर उपकार केले त्यानं चारचौघांत उभं राहून ते सांगायचे, ही आमची रीत. कुणाची दारू सुटलेली असायची, कुणाचा मुलगा तुरुंगातून घरी आलेला असायचा. पण सगळे वाट बघायचे ती थर्मन ओक्सची.

थर्मन उठला की बायकांच्या हातातले पंखे थांबायचे. उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशा, बुटांना आरशासारखी चकाकी. आणि आवाज? आवाज कसला, पत्र्यावरून वाळकी फांदी ओढावी तशी खरखर. याच माणसाचं गाणं एके काळी निम्म्या देशाच्या रेडिओवर वाजत होतं, हे नव्या पोरांना सांगूनही खरं वाटायचं नाही.

"त्या दुपारी पामेटो थिएटरात," थर्मन सुरू करायचा, "मी पोरगेला होतो. गर्वानं फुगलेला. माझा आवाज माझ्या बापाची इस्टेट आहे असं समजणारा. आणि ऐन वरच्या सुरावर प्रभूनं माझा आवाज मोडला. भाकर मोडतात तसा मोडला! त्यातून जो हुंदका निघाला तो माझा नव्हता, त्याचा होता. मी पदरचं काही सांगत नाही. विचारा इझेलला. तो माझ्या डाव्या खांद्यामागं उभा होता."

मग सगळं चर्च वळून इझेलकडे बघायचं, आणि इझेल म्हणायचा, "आमेन."

एवढंच. एकच शब्द. पण तो म्हणताना त्याच्या घशात मासळीचा काटा अडकल्यासारखं व्हायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही.

*

दोघंही मलबेरी रस्त्यावर वाढले. दोघांचेही बाप अलाबामातून मोटारींच्या कारखान्यात कामाला आलेले. दोघांच्या आयांनी दोघांना एकाच दिवशी कान धरून चर्चच्या क्वायरमध्ये, गाणाऱ्यांच्या रांगेत, नेऊन उभं केलं. तिथं गाणं शिकवणाऱ्या सिस्टर अल्बर्टीन फार कडक बाई. हातातली काठी गाणं शिकवायला कमी आणि पोरांच्या पोटऱ्यांवर जास्त चालायची. त्यांनी दोघांना गाऊन बघायला लावलं आणि तिथल्या तिथं निकाल दिला. "थर्मन, तू दिवा. इझेल, तू खांब. खांबाकडे कुणी बघत नाही रे बाळा, पण खांब नसला तर दिवा चिखलात पडतो."

इझेलनं ते ऐकलं आणि मान हलवली. आपला आवाज खरा आहे, कुठंही ढळत नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. आणि त्या आवाजानं कुणाच्या डोळ्यात पाणी येत नाही, हेही कळलं होतं. थर्मनचं उलट. त्यानं नुसतं "प्रभू" म्हटलं तरी म्हाताऱ्या रुमाल शोधायला लागायच्या.

पुढे दोघंही बापांमागोमाग कारखान्यात चिकटले. तिथं जाडजूड रॉस्को भेटला, ज्याचा आवाज तळघरातून आल्यासारखा यायचा, आणि लाजरा डेलमार भेटला. चौघं मिळून 'द मलबेरीज' झाले. संध्याकाळी चर्चच्या तळघरात तालीम. डावा पाय पुढे, अर्धं वळण, हात छातीवर. रॉस्को वळला की खुर्च्या हलायच्या. मोहरीच्या रंगाचे चार सूट शिवून घेतले. काय ते सूट! अंधारातसुद्धा डोळ्यात जायचे. डेलमारची आई म्हणाली, "गायला निघालात की ट्रॅफिक अडवायला?"

त्यांचं एक गाणं गाजलं, 'ओसरीवरचा दिवा'. रुसून गेलेल्या बायकोसाठी नवरा ओसरीवर दिवा ठेवून बसलाय, असं ते गाणं. शेवटी "परत ये" म्हणताना "ये"वर सूर असा उंच चढायचा की ऐकणाऱ्याच्या टाचा उचलल्या जायच्या. आता खरी गोष्ट ऐका. तो सूर थर्मनच्या आवाक्यात नव्हता. कधीच नव्हता. थर्मन तिथवर जायचा, अगदी उंबऱ्यापर्यंत जायचा, आणि तिथं इझेल त्याच्या मागून हलकेच तोच सूर धरायचा. बरोबर खालून, ओठ मायक्रोफोनपासून जरा वळवून, म्हणजे वेगळा ऐकू येऊ नये. थर्मनचा आवाज त्यावर रेलायचा आणि लोकांना वाटायचं, वा, काय गळा आहे! गाणाऱ्या चमूंत असं चालतंच, याला कुणी लबाडी म्हणत नाही. मलबेरीज त्याला टेकू म्हणायचे. रॉस्कोला माहीत होतं, डेलमारला माहीत होतं. थर्मनला मात्र आपण थोडेसे रेलतो एवढंच वाटत असावं. गाताना माणसाला स्वतःच्या आवाजापुढे दुसरं काय ऐकू येतं?

एकदा तालमीनंतर त्यानं विचारलंही होतं. "लेका, तो वरचा सूर माझा की तुझा?"

इझेल म्हणाला, "आपला."

थर्मन हसला आणि त्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. विषय संपला.

*

मग फिंच नावाचा मॅनेजर आला. हे मॅनेजर कुठून उगवतात देव जाणे. गाणं पिकलं की टोळासारखे हजर. पामेटो थिएटरात दुपारचा खेळ होता. आपलं गाव, आपली माणसं, पहिल्या रांगांत चौघांच्या आया हॅट घालून बसलेल्या. इझेल पायी चालत आला, कोपऱ्यावर वळला आणि दारावरची पाटी बघून जागच्या जागी थांबला. पाटीवर होतं, 'थर्मन ओक्स आणि मलबेरीज'. थर्मनचं नाव हातभर अक्षरात आणि बाकीचे तिघं मिळून वीतभर.

आत थर्मन आरशासमोर केस बसवत होता. इझेलनं विचारलं, "पाटी बघितलीस?"

"फिंचनं केलंय रे. मी काय करू?"

"तुला आधी माहीत होतं का?"

थर्मननं कंगवा खाली ठेवला नाही. "अरे चौघांची नावं मावत नाहीत पाटीवर. आणि तू कशाला तोंड पाडतोस? लोक कुणाला ऐकायला येतात ते तुलाही ठाऊक आहे."

शेवटचं वाक्य तो हसत बोलला. त्यात आकस नव्हता, हे इझेलला पुढे हजार वेळा कळलं. पण त्या क्षणी ते वाक्य जाऊन बसलं ते थेट काळजात.

खेळ सुरू झाला. 'ओसरीवरचा दिवा' शेवटाला आलं. "परत..." थर्मननं डोळे मिटले, मान मागे टाकली आणि नेहमीसारखा वर निघाला. डावा पाय पुढे, अर्धं वळण, हात छातीवर. इझेलनं सगळं केलं. फक्त तोंड मिटून घेतलं.

थर्मननं सुरावर पाय टाकला आणि खाली पायरीच नव्हती. आवाज चढला, डळमळला आणि मधोमध फाटला. वासराच्या ओरडण्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडातून बाहेर पडलं. रॉस्कोनं चमकून इझेलकडे बघितलं. आणि इझेलला आनंद झाला. हो, आनंद! खोटं कशाला बोलायचं? बघा म्हणावं आता, कुणाला ऐकायला आलात ते.

तो आनंद जेमतेम एका श्वासाचा टिकला. कारण तिसऱ्या रांगेतली एक बाई ताडकन उठली आणि हात वर करून ओरडली, "हो रे बाळा! सांग! सगळं सांग!"

आमच्या माणसांचे कान चर्चमध्ये तयार झालेले. दुसरीकडे कुठं आवाज फाटला असता तर लोकांनी हुर्यो उडवली असती. आमच्याकडे गाणाऱ्याचा आवाज फाटला की लोक समजतात, याला आता खरंच लागलंय, याच्यातून आता तो वरचा बोलतोय. बघता बघता अख्खं थिएटर उभं राहिलं. थर्मनची आई हॅट पडली तरी रडतच होती. थर्मन गुडघ्यावर बसला आणि फाटक्या आवाजातच "परत ये, परत ये" म्हणत राहिला, आणि लोकांनी त्याला थांबू दिलं नाही.

पडदा पडल्यावर थर्मननं इझेलला मिठी मारली. घामानं आणि आसवांनी त्याचा चेहरा निथळत होता. "तुला कळलं? इझेल, तुला कळलं ते? तो होता रे! प्रभू होता!"

तेव्हा सांगायचं होतं. रागानं सांगायचं, रडत सांगायचं, कसंही. रॉस्को तिथंच उभा होता, त्यानंही बघितलं आणि नजर खाली घातली. इझेल मूग गिळून गप्प बसला.

*

पुढचं सगळं त्या गप्प बसण्याचं व्याज. दुसऱ्या खेळापासून लोक तो हुंदका मागायला लागले. फिंच म्हणाला, "रोज पाहिजे. प्रत्येक खेळाला पाहिजे." घाबरून इझेलनं पुन्हा टेकू द्यायला सुरुवात केली, तर थर्मननं त्याला बाजूला घेतलं. "तिथं मध्ये येऊ नकोस, भाऊ. त्या जागी मला एकट्याला सोड. तिथं माझं आणि त्याचं काहीतरी चाललेलं असतं."

मग काय, थर्मन रोज त्या सुरावर एकटा जायचा आणि रोज फाटायचा. आपोआप फाटला नाही तर घसा खरवडून फाडायचा. रुमालावर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, घशात गाठी झाल्यात, सहा महिने एक शब्द बोलू नका. थर्मन इझेलला म्हणाला, "देवानं दिलेलं दान असं बंद करता येतं का रे?"

'अरे, देवानं काही दिलं नाही, मी काढून घेतलं होतं, आता थांब' एवढं इझेलनं म्हटलं असतं तर तो गळा वाचला असता. पण तेवढं म्हणायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. तुझा गाजलेला सूर तुझा नव्हताच, हे सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सांगण्यासारखं काही उरलंच नाही. तिशीच्या जरा पुढे थर्मनचा गळा कायमचा बसला. लोक नव्या गायकांकडे वळले, फिंच तर कधीच पसार झाला होता. मलबेरीज मोडले. इझेलनं शहराची बस चालवायला घेतली. लाल सिग्नलला थांबला की तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायचा, पण गायचा नाही. उतारू म्हणायचे, फार शांत ड्रायव्हर आहे.

थर्मन काही वर्षं दारूत बुडाला. मग एका मेळाव्याला सिस्टर अल्बर्टीननं, तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या, त्याला काठीनं ढोसून उभं केलं आणि म्हणाल्या, "आवाज गेला म्हणून रडतोस? देवानं तुझ्यासाठी काय केलं ते सांग की!" त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा ती साक्ष दिली, आणि त्या साक्षीनं त्याला हात धरून बाटलीतून बाहेर काढलं. गळा का गेला याला आता अर्थ होता. तो चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून उभा राहायला लागला, म्हाताऱ्यांना बाकापर्यंत पोचवायला लागला. त्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता. तीच गोष्ट खोटी, आणि तिला आमेन म्हणणारा इझेल.

*

यंदा सप्टेंबरात थर्मनच्या घशात वाईट आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढायला लागेल. दिवस ठरला मेळाव्यानंतरचा सोमवार. "मेळावा तेवढा होऊ द्या म्हटलं त्यांना," थर्मननं फोनवर खरखरत सांगितलं. "सकाळी मला इस्पितळात तूच सोड. टॅक्सीवाले फार बडबडतात."

मेळाव्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी इझेलनं व्हर्निसला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात पीच कॉबलरचं, त्या फळं घालून भाजायच्या गोड पदार्थाचं, पीठ मळत होती. तिचे हात हळूहळू थांबले.

"इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपलास," ती म्हणाली, "आणि हे आत्ता सांगतोस?"

"मला त्याला सांगायचंय, व्हर्निस. सोमवारच्या आत. नंतर सांगितलं तर तो उत्तर देणार कशानं?"

"उत्तर कशाला हवंय तुला?"

"माफ केलं म्हणेल. नाहीतर शिव्या देईल. काहीही म्हणू दे, पण त्याच्या आवाजात."

व्हर्निसनं पिठाचे हात पुसले. "म्हणजे तुझं ओझं तू उतरवणार आणि त्याच्या डोक्यावर ठेवणार. तेही गळा कापायच्या आदल्या दिवशी. फारच प्रेमळ मित्र बाबा तू!"

"मग काय करू? गप्प बसू?"

"मला काय विचारतोस? मी तेव्हा तिथं होते का?" ती पुन्हा पीठ मळायला लागली. मान वर न करता म्हणाली, "तुला गप्प बसून कधी काही चांगलं घडलेलं आठवतं का?"

शनिवारी इझेल कॉबलर घेऊन थर्मनकडे गेला. दोघं ओसरीवर बसले. फुटबॉलचं बोलणं झालं, रॉस्कोच्या आठवणी झाल्या, गुडघेदुखीचं बोलणं झालं. इझेलनं दोनदा "थर्मन, ऐक..." म्हणून सुरुवात केली आणि दोनदा पानं झाडायचा विषय काढला. थर्मन त्याच्याकडे बघत होता. त्याच्या मानेवर डॉक्टरांनी शाईनं खुणा केल्या होत्या. "मला भीती वाटते रे," तो अचानक म्हणाला. "मरायची नाही. साक्ष कोण देणार याची." इझेल घरी परत आला.

"सांगितलंस?" व्हर्निसनं विचारलं.

"नाही."

"ताकाला गेलास आणि भांडं लपवून आलास. भांडं तरी परत आणलंस का? माझं चांगलं काचेचं होतं."

*

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साक्षीची वेळ आली, थर्मन उठला, पंखे थांबले. पण यंदा त्यानं गोष्ट सुरूच केली नाही.

"उद्या डॉक्टर माझा उरलासुरला आवाज घेऊन जाणार," तो म्हणाला. "नेऊ देत. गाण्यापुरता तो प्रभूनं कधीच नेलाय. पण पुढच्या वर्षी ही गोष्ट तुम्हाला सांगायला मी नसणार. असेन, पण मुका असेन. म्हणून आजपासून ही साक्ष इझेलची. तो तिथं होता. ये रे इझेल. मला ऐकू दे, तू कशी सांगतोस ते."

व्हर्निसनं इझेलला सरकायला जागा केली. तो पुढे गेला आणि थर्मननं मायक्रोफोन त्याच्या हातात दिला, अगदी जपून, तान्हं मूल द्यावं तसा. मग तो पहिल्या बाकावर बसला आणि त्यानं डोळे मिटले.

"त्या दुपारी पामेटो थिएटरात," इझेल म्हणाला. आवाज बारीक निघाला. "मी थर्मनच्या डाव्या खांद्यामागं उभा होतो. थर्मन वर निघाला. 'परत ये'. आणि मी..." तो थांबला. अख्खं चर्च पुढे झुकलं. "तो सूर मी धरायचो. रोज. त्याच्या खालून. त्या दिवशी मी दारावरची पाटी बघितली, मला राग आला, आणि मी तोंड मिटून घेतलं. प्रभूनं नाही मोडला याचा आवाज. मी तोंड मिटलं."

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या लॅव्हिनियाबाई, कानानं निम्म्या, पण तोंडानं पुऱ्या, काठी आपटत उठल्या. "दानीएलला सिंहांच्या गुहेत टाकलं तेव्हा त्याला वाचवायला सिंहांची तोंडं कुणी मिटली?"

"प्रभूनं!" मागचे बाक गरजले.

"नाही, ऐका," इझेल ओरडला, "मी रागानं केलं! मत्सरानं केलं!"

"योसेफाच्या भावांनी त्याला गुलाम म्हणून विकलं, ते तरी काय प्रेमानं केलं होतं?" पास्टरसाहेबांनी हात उंचावला. "माणसानं वाईट योजलं आणि प्रभूनं त्याचं चांगलं केलं! हालेलुया!" ऑर्गन वाजायला लागला. लोक उठले, टाळ्या सुरू झाल्या, कुणी नाचायला लागलं. इझेल मायक्रोफोनमध्ये "मी केलं, मी केलं" म्हणत राहिला आणि दर वेळी लोक त्याला "आमेन" म्हणत राहिले. अशी साक्ष वर्षानुवर्षांत झाली नव्हती म्हणे! काय म्हणावं या माणसांना? एकदा एका फाटक्या आवाजाचा चमत्कार केला, आता एका पापाचा केला.

फक्त थर्मन उभा राहिला नाही. त्याचे डोळे उघडे होते आणि तो इझेलकडे बघत होता. त्यानं टाळी वाजवली नाही.

खाली तळघरात जेवणं झाली. थर्मन सगळ्यांशी बोलला. मुलांशी बोलला, लॅव्हिनियाबाईंच्या कानात ओरडला, व्हर्निसला म्हणाला, "कॉबलर छान होता, भांडं घासून ठेवलंय." इझेल ताट हातात घेऊन चार हातांवर उभा होता. कोंबडीचा तुकडा गार झाला. थर्मनकडे अजून एक दिवसाचा आवाज शिल्लक होता, आणि त्यातला एक शब्दही त्यानं इझेलवर खर्च केला नाही.

*

सोमवारी सकाळी इझेलनं गाडी काढली. आपण जाऊन काय उपयोग, तो आपल्या गाडीत बसणार थोडाच, असं तो स्वतःशी म्हणत होता. पण थर्मन पिशवी घेऊन ओसरीवर उभा होता. येऊन शेजारी बसला. काचेचं भांडं त्यानं मांडीवर धरलं होतं. इस्पितळ येईपर्यंत दोघं बोलले नाहीत.

आत त्याला निळा झगा घातला, चाकांच्या पलंगावर झोपवलं. इझेल उशाशी उभा राहिला. जा म्हणालं नाही कुणी, म्हणून उभा राहिला. नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, "चला, न्यायची वेळ झाली." थर्मननं हात वर करून त्यांना थांबवलं. मग इझेलकडे वळला.

"तो सूर," तो म्हणाला.

"काय?"

"तू धरायचास तो. म्हण. एकट्यानं."

"इथं? अरे, माझा आवाज आता..."

"म्हण."

इझेलनं भिंतीकडे बघितलं. मग ओठ जरा बाजूला वळवले, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीनं त्याला तो सूर येतच नव्हता, आणि हलकेच धरला. "ये." म्हातारपणानं बारीक झालेला, पण ढळला नाही. त्या पांढऱ्या खोलीत तो सूर नुसता उभा राहिला, त्याच्यावर रेलायला कुणी नव्हतं. पलीकडच्या पलंगावरच्या माणसानं मान उचलून बघितलं. इझेलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो श्वास संपेपर्यंत थांबला नाही.

थर्मननं सगळा ऐकला. डोळे मिटून, भुवया जवळ आणून, तालमीत नवं गाणं ऐकायचा तसा.

"असा होता होय," तो म्हणाला. "माझा आवाज वर असायचा ना. कधी ऐकलाच नाही मी."

इझेल वाट बघत राहिला. पण थर्मन आणखी काही बोलला नाही. नर्सबाईंना मानेनं खूण केली. चाकं फिरली. इझेल पलंगाबरोबर चालत गेला, सवयीनं डाव्या खांद्याच्या जरा मागे, जिथपर्यंत जाऊ दिलं तिथपर्यंत.